अ‍ॅम्लोडिपिन 5 एमजी: बीपीला चोख, पण हृदयाच्या झडपेला इन्फेक्शन होऊन गेलं असेल तर हिरड्यांवर लक्ष ठेवा

आईने ही गोळी अकरा महिने घेतली, आता बदलली, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आधी चांगलं सांगते. बीपी 160/95 च्या आसपास असायचं, सकाळी एक गोळी सुरू केली आणि दोन-तीन आठवड्यांत 130/80 वर आलं ते तिथेच राहिलं. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करते ही गोळी, आणि शरीरात बराच वेळ टिकते, अर्धं औषध जायलाच 30 ते 50 तास लागतात, त्यामुळे एखाद्या दिवशी तास-दोन तास उशीर झाला तरी बीपी लगेच उसळत नाही. चक्कर नाही, खोकला नाही. घोटे मात्र संध्याकाळपर्यंत सुजायचे. या गोळीने पाय सुजतात हे माहीत होतं, पण आईची मायट्रल झडप आधीच थोडी लीक आहे, त्यामुळे सूज गोळीची की हार्टची या विचाराने झोप लागायची नाही. शेवटी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, लीक होतं तेवढंच होतं.

आता खरा मुद्दा. दोन वर्षांपूर्वी आईला एंडोकार्डायटिस झाला होता, म्हणजे हृदयाच्या झडपेवर बॅक्टेरियाचं इन्फेक्शन. तीन आठवडे बारीक ताप, वजन उतरलेलं, नखाखाली काडी रुतल्यासारखी एक काळपट रेघ. ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते बघायच्या तपासणीत, तोंडात राहणारा स्ट्रेप्टोकोकस निघाला आणि मग चार आठवडे रोज शिरेतून अँटिबायोटिक. ज्याला हे एकदा झालं त्याला पुन्हा व्हायचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, आणि हे जंतू रक्तात शिरतात ते बऱ्याचदा हिरड्यांतूनच.

तर सातव्या-आठव्या महिन्यात आईच्या पुढच्या दातांमधल्या हिरड्या फुगायला लागल्या. दोन दातांच्या मधे गुलाबी मण्यासारखी गाठ, खालचे दात तर जवळजवळ अर्धे झाकले गेले. ब्रश केला की बेसिनमध्ये लालसर फेस. बीपीच्या डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले वयोमानाने होतं, ब्रश नीट करा. मला खूप राग आला, कारण आई दिवसातून दोनदा घासते आणि रक्त येईल या भीतीने हल्ली हळूहळू घासायला लागली होती, मग कीटण अजून साचणार, हिरड्या अजून सुजणार, हे चक्रच झालं ना.

डेंटिस्टकडे गेलो तर त्यांचा पहिलाच प्रश्न, बीपीची गोळी कुठली? अ‍ॅम्लोडिपिन, निफेडिपिन या जातीच्या गोळ्यांनी काही जणांच्या हिरड्या वाढतात. सगळ्यांच्या नाही, निफेडिपिनने जास्त, अ‍ॅम्लोडिपिनने कमी, पण होतं. एरवी हा दिसण्याचा आणि स्वच्छतेचा त्रास, पण आईसारख्या पेशंटच्या रक्त येणाऱ्या हिरड्या म्हणजे जंतूंना उघडं दारच. गोळी लिहिताना तिची फाईल समोर होती, तेव्हा एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर!

दात साफ करायच्या आधी तासभर त्यांनी 2 ग्रॅम अमॉक्सिसिलिन दिलं. हे सगळ्या हार्ट पेशंटना लागत नाही, कृत्रिम झडप असलेले, आधी एंडोकार्डायटिस झालेले, जन्मापासून हृदयाचे काही ठराविक दोष असलेले, अशांनाच. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा, दुसरं देतात. आणि पुढे कधी ताप दोन-चार दिवस रेंगाळला तर अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी ब्लड कल्चर घ्यायला सांगा, कारण आधीच डोस गेला तर कल्चरमध्ये जंतू बऱ्याचदा सापडत नाहीत आणि सगळं लांबतं.

गोळी आम्ही मनाने बंद केली नाही, प्लीज तुम्हीही करू नका. कार्डिओलॉजिस्टना भेटून टेल्मिसार्टन या बीपीच्याच दुसऱ्या गोळीवर बदलली. अडीच महिन्यांत हिरड्या बऱ्याच ओसरल्या, रक्त थांबलं, घोट्यांची सूजही गेली.

रेटिंग: बीपीसाठी पाचपैकी पाच. झडपेचा त्रास होऊन गेलेल्यांसाठी माझ्याकडून तीनच, आणि चालू असेल तर आरशासमोर ओठ वर करून हिरड्या बघत जा, दर सहा महिन्यांनी डेंटिस्टला दाखवा. टेल्मिसार्टनमध्ये रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते यावरून कळतं) तपासावं लागतं, पहिला रिपोर्ट नॉर्मल आलाय, अजून थोडे महिने जाऊ देत मग तिचंही लिहिते.