सकाळची तयारी की रात्रीचा हिशेब?

घसरलेली गाडी रुळावर आणायला स्टोइकांच्या, म्हणजे प्राचीन ग्रीस-रोममधल्या एका पंथाच्या तत्त्वज्ञांच्या, दोन सवयी कामी येतात. त्यांतला एपिक्टेटस सांगतो, सार्वजनिक स्नानगृहात निघण्याआधीच तिथलं चित्र डोळ्यांपुढे आणा: कुणी पाणी उडवेल, कुणी धक्का देईल, कुणी चोरीही करेल. मग ऐनवेळी तोल जात नाही. पण नुकतंच अपयश पचवणाऱ्याने हे लांबवलं, की त्याची नुसती काळजी होते. दोन-तीन मिनिटं पुरेत.

अशा वेळी सेनेका या दुसऱ्या स्टोइकाची रीत उजवी ठरते. रात्री दिवा नेल्यावर, बायको गप्प झाल्यावर तो दिवसभराचं बोलणं-वागणं तपासायचा. काहीही लपवायचं नाही. शेवटी स्वतःला बजावायचं, पुन्हा असं करू नकोस, आज माफ केलं. ही माफी गाळली, की हिशेबाची शिक्षा होते आणि चौथ्या रात्री माणूस तो टाळू लागतो.