सोलापूरच्या वाड्यातलं हॉटेल : खोली सोलापूरची, टॉवेल परगावचा

मे महिन्यातल्या बिलात खोलीभाडं आणि जेवणाच्या खाली एक ओळ जास्तीची होती : ‘टॉवेल, डाग, ४०० रुपये.’ हा अनुभव मी त्या ओळीवर चिडून लिहायला घेतला होता. अर्धा लिहून ठेवून दिला, कारण पुढच्या फेऱ्यांत बऱ्याच गोष्टी बदलत गेल्या. आता गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची संक्रांतीतली यात्रा, होऊन गेली. उन्हाळा, पावसाळा, थंडी, तिन्हींत तिथं राहून झालं, म्हणून पुरा करते. हॉटेलचं नाव लिहीत नाही. जुन्या गावात, कापडाच्या बाजारापासून, म्हणजे चाटी गल्लीपासून, पायी जाता येईल इतक्या अंतरावर, एक वाडा दुरुस्त करून त्यात आठ खोल्या केल्या आहेत. सागवानी खांब, चौक, झोपाळा हे फोटोत दिसतं तसंच आहे, त्यावर मी शब्द घालवत नाही.

मी सांगलीची. वसतिगृहं, लॉज आणि छोट्या दवाखान्यांना चादरी-टॉवेल पुरवते, त्यामुळे सोलापूरला खरेदीसाठी नेहमीचं जाणं. पूर्वी स्टँडजवळच्या लॉजवर उतरायचे. तिथं एकट्या बाईला खोली देताना ‘सोबत कोण आहे’, ‘काम काय’, ‘कुणी भेटायला येणार का’ असे प्रश्न आणि त्यापेक्षा वाईट नजरा असतात. या वाड्यात पहिल्या दिवसापासून कुणी असं काही विचारलं नाही. उशिरा पोचले तरी मालकांच्या आई स्वतः बाहेर येतात आणि आधी ‘जेवलीस का न्हाई?’ विचारतात, मग आधार कार्ड मागतात. भाडं लॉजच्या दुपटीहून जास्त, तेव्हा २,२०० रुपये. पैसा जपून खर्च करणारी मी, तरी इथंच येत राहिले, त्याचं पहिलं कारण हे आहे.

आता तो डाग. तांबूस होता, टॉवेलच्या बरोबर मधोमध, या काठापासून त्या काठापर्यंत सरळ रेषेत. अंगाचा, काजळाचा, हळदीचा डाग असा रेघ मारल्यासारखा पडत नाही. मी व्यवस्थापकाला म्हटलं, टॉवेल वाळत कुठं घालता ते दाखवा. गच्चीवर लोखंडी तार बांधलेली होती, गंजून खरखरीत झालेली. तारेवरचे बाकीचे टॉवेल उलटून बघितले, तर आणखी काहींवर तीच रेघ. ओलं सुती कापड गंजलेल्या तारेवर दुमडून टाकलं की दुमडीवर गंज उतरतो. आमच्या धंद्यात हे पोरसोरही ओळखतात.

व्यवस्थापक म्हणाला, ‘ताई, डाग हाय की त्यावर. साफसफाईवाल्यांनी लिहून दिलं की बिलात टाकायचं, तसं सांगितलंय मला. निम्मं करतो.’

मला निम्मं नको होतं. न केलेल्या नुकसानीचे दोनशे रुपये तरी का द्यायचे? मालक परगावी होते आणि मला अंधार पडायच्या आत मंगळवेढ्याच्या पुढं जायचं होतं. म्हणून बिलावर ‘ही रक्कम मान्य नाही’ असं लिहून सही केली आणि पैसे भरले. पुढच्या खेपेला मालकांनी मी काही बोलायच्या आत ते चारशे वळते केले. गच्चीवर तारेच्या जागी नायलॉनची दोरी आली होती. गंजाचे डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य पाण्यानं जातात, नंतर टॉवेल भरपूर पाण्यात खळबळून घ्यावा लागतो, हे मी त्यांना लिहून दिलं. त्यांनी करून बघितलं आणि बहुतेक टॉवेल वाचले.

पैशाचा विषय तिथं संपला, टॉवेलचा संपला नाही.

हा टॉवेल पाणी टिपत नव्हता. अंगावरून फिरवला की पाणी अंगावरच पसरायचं. सुरुवातीच्या मुक्कामांत मी माझ्या पिशवीतला नमुन्याचा टॉवेल वापरून वेळ भागवली. पण एका सकाळी तो टॉवेल हातात धरून खरंच वाईट वाटलं. ज्या गावात १८७७ साली ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली, गिरण्या बंद पडल्यावरही जे गाव यंत्रमागावर उभं राहिलं, ज्याच्या चादरीला आणि टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, त्या गावात पाहुण्याला असा टॉवेल द्यायचा? चादरीचं तर त्याहून वाईट. खाली बसायच्या जागी भिंतीवर एक सुंदर सोलापुरी चादर काचेच्या चौकटीत लावली आहे, मोराची नक्षी असलेली. आणि खोलीत पांघरायला काय, तर पांढरी, फुगीर, पॉलिस्टर भरलेली रजई. सोलापुरी चादर जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणतात, दोन्ही बाजूंना नक्षी येते आणि एका बाजूचे रंग दुसऱ्या बाजूला उलटे होतात. ही मजा हातात घेऊन उलटसुलट केल्याशिवाय कळत नाही. काचेमागं तिची एकच बाजू दिसते. पाहुणा सोलापुरात येऊन जातो आणि सोलापुरी चादर अंगावर घेतच नाही.

खोल्या आवरणाऱ्या मावशी तेलुगू बोलणाऱ्या. आधी विड्या वळायच्या, त्याही आधी टॉवेलचे काठ शिवायच्या. त्यांना मी टॉवेल दाखवला. त्यांनी दोन बोटांत चुरगाळून बघितला आणि म्हणाल्या, ‘हे आपल्याकडचं सूत न्हाई ताई. पानी नुसतं फिरतंय ह्याच्यावर.’ मी कडेचा एक धागा ओढून जाळून पाहिला. निव्वळ सूत जळताना कागद जळल्यासारखा वास येतो आणि मागं भुरभुरीत राख राहते. या धाग्याच्या टोकाला कडक काळा मणी झाला, म्हणजे पॉलिस्टर आहेच. मग मावशींनी स्वयंपाकघरातला काटा आणून दिला. टेप लावून मोजलं : तीस बाय साठ इंच. वजन भरलं ३५५ ग्रॅम. एवढ्या आकाराचं क्षेत्रफळ १.१६ चौरस मीटर होतं, म्हणजे हिशेबानं जेमतेम ३०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम). सुती टॉवेल धुण्यात आटतो, त्यामुळे जीएसएम उलट थोडा वाढतो. हा आटलाही नव्हता.

हे आकडे घेऊन मी मालकांसमोर बसले. तोवर माझं मत असं होतं की या माणसानं वाड्याच्या दुरुस्तीवर भरपूर पैसे घातले आणि टॉवेलात काटकसर केली. त्यांनी फाइल काढून खरेदीचं बिल दाखवलं तेव्हा ते मत बदललं. परराज्यातल्या एका पुरवठादाराकडून ‘हॉटेल लिनन’ म्हणून ऑनलाइन मागवलेला माल होता. बिलावर लिहिलेलं, ‘शंभर टक्के कॉटन, ४५० जीएसएम.’ साडेचारशेचा टॉवेल या मापात सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. म्हणजे प्रत्येक टॉवेलमागं पावणेदोनशे ग्रॅमच्या घरात सूत मिळालंच नाही, आणि जे मिळालं त्यातही भेसळ. डझनाला मोजलेला भाव चाटी गल्लीतल्या चांगल्या मालाच्या भावापेक्षा कमी नव्हता. मालक गप्प झाले. मग म्हणाले, ‘आमच्या आजोबांचे माग होते ओ ताई.’ त्यांना त्या क्षणी जे वाटलं ते मला समजलं, म्हणून पुढं जास्त बोलले नाही. कुठून घ्यायचं ते मात्र सांगितलं. घेताना दुकानातच वजन करा, धागा जाळून बघा, आणि हातावर पाण्याचा थेंब टाकून टॉवेलनं टिपून बघू नका हेही सांगितलं, कारण कोरा टॉवेल सुरुवातीला पाणी टिपत नाही. तीन-चार धुण्यांनंतर त्याचं खरं रूप कळतं.

आता खोल्यांबद्दल. इथंही पहिल्यापेक्षा माझं मत वेगळं झालं आहे. सुरुवातीला मी वरच्या मजल्यावरची एसी खोली घ्यायचे. वरचा मजला नवा, सिमेंटच्या स्लॅबचा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा तो स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. एसी चालू असेपर्यंत ठीक, वीज गेली की पंधरा मिनिटांत जीव नकोसा होतो. एकदा वर जागा नव्हती म्हणून खालची, चौकाकडची, बिनएसीची खोली घेतली. दगड-मातीच्या दोन हात रुंद भिंती, वर मूळचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. बाहेर दुपार तापलेली असताना आत पंख्यावर झोप लागली. जाड भिंतीतून ऊन आत पोचायला बरेच तास लागतात, तोवर बाहेर रात्र झालेली असते आणि चौकातून गार वारा फिरतो. तेव्हापासून वरची खोली घेतली नाही. भाडंही पाचशेनं कमी. पावसाळ्यात खालच्या भिंतींना थोडी ओल येते आणि कपाटात कपड्यांना वास धरतो, तेवढं सोसावं लागतं.

पाण्याचं सांगायलाच हवं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, उजनी धरण भरलेलं असलं तरी शहराला काही दिवसांआड मिळतं. हॉटेलचा मोठा हौद आहे, उन्हाळ्यात टँकर येतो, आणि मला एकदाही पाणी कमी पडलं नाही. पण धुण्याला बोअरचं पाणी वापरतात आणि ते जड आहे. नळाच्या तोट्यांवर पांढरा थर दिसतो, तोच थर साबणाबरोबर टॉवेलच्या पाइलमध्ये, म्हणजे वर आलेल्या सुताच्या फासांत, बसतो. ऑगस्टमध्ये नवे टॉवेल आले, शुद्ध सुताचे, चाटी गल्लीतले, वजनाला भरपूर. मला इतका आनंद झाला की मावशींना पेढे दिले. दिवाळीनंतर मात्र तेच टॉवेल पापडासारखे कडक. विचारलं तर कळलं की धुलाईवाला कडकपणा घालवायला सॉफ्टनर ओततो. सॉफ्टनरचा लेप सुतावर बसला की चांगल्यातला चांगला टॉवेलही पाणी टिपायचं सोडतो. पावडर निम्मी करा, शेवटच्या पाण्यात थोडा पांढरा व्हिनेगर टाका, वाळत घालण्याआधी जोरात झटका. एवढं केलं की सूत पुन्हा मोकळं होतं. मालकांनी ऐकलं, धुलाईवाला अजून अधूनमधून ओततो. टॉवेल हातात आला की वासावरून कळतं, आणि मी तो बदलून मागते. तुम्हीही मागा, कुरकुर न करता देतात.

चादरींची लढाई अर्धी जिंकली आहे. खालच्या खोल्यांत डिसेंबरपासून पायथ्याशी घडी घातलेली सोलापुरी चादर असते, रजई मागितली तरच मिळते. वरच्या खोल्यांत अजून पॉलिस्टरच. मालकांचं म्हणणं, ऑनलाइन बुकिंग करणाऱ्यांना पांढरं अंथरूण-पांघरूण दिसलं नाही की ते अस्वच्छ समजतात. मला हे पटत नाही. पांढरी बेडशीट खाली असू द्या, वर रंगीत चादर घाला, आणि ती दर पाहुण्यामागं धुतली जाते हे कागदावर लिहून ठेवा. चादर जितकी धुतली जाते तितकी मऊ होत जाते, हॉटेलवाल्याला याहून सोयीचं काय असतं? हे मी त्यांना प्रत्येक खेपेला सांगते आणि सांगत राहणार.

नाश्ता छान. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही रोज असतं, कधी चुरमुऱ्यांचा सुशीला, कधी इडली. आठच्या आधी मिळत नाही, पण लवकर निघायचं असेल तर रात्री सांगून ठेवा, आई भाकरी-चटणी बांधून देतात आणि त्याचे पैसे लावत नाहीत.

भाड्याबद्दल. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. बिल तेवढं उतरेल असं मी धरून चालले होते, पण मूळ भाडं शंभरानं वाढलं. पाच टक्क्यांच्या दरात हॉटेलला खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही, असं मालकांनी सांगितलं आणि ते खरं आहे. तरीही हातात पडणारं बिल आधीपेक्षा थोडं कमीच येतं.

गड्ड्याच्या दिवसांत, म्हणजे संक्रांतीच्या अलीकडे-पलीकडे, दर जवळपास दुप्पट होतो. मला तो जास्त वाटतो, पण एकदा तरी द्यावा. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, उंच नंदीध्वज आणि ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’चा गजर हे सगळं जुन्या गावात राहून, पायी हिंडून बघण्यासारखं आहे. त्या दिवसांत आणि एरवीही मिरवणूक असली की गाडी गल्लीत येत नाही. ती बाहेर लावून सामान घेऊन चालावं लागतं, म्हणून बॅग हलकी ठेवा. खोली फोनवरूनच ठरवा आणि ‘खालची, चौकाकडची’ असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘चांगली खोली’ म्हटलं की वरची देतात.