कॅनन १डी की निकॉन डी२एच? जुनी प्रेस बॉडी घेताना

जुनी डिजिटल प्रेस बॉडी, म्हणजे बातमीदारांचा कॅमेरा, लेन्स सोडून, हौसेनं वापरायची असेल, तर माझ्या मते निवड दोघांतच करावी: २००१चा कॅनन ईओएस-१डी किंवा २००३चा निकॉन डी२एच. दोन्ही बातमी आणि खेळांसाठी घडवलेले, सुमारे ४ मेगापिक्सलचे, सेकंदाला ८ फ्रेम काढणारे. फोटोची रुंदीही दोन्हींत सारखीच, २४६४ पिक्सल. इंचाला २०० पिक्सल धरले तर छापील रुंदी बारा इंचांहून थोडी जास्त भरते. पहिल्या पानाला तेवढं पुरत होतं. त्यामुळे मेगापिक्सलचा विचार इथेच सोडून द्या.

बातमीच्या कामाला मी नवा कॅमेराच नेतो. तरीही ह्या जुन्या बॉडी हातात घेतल्या की मजा येते, कारण नंतर क्रॉप करायला त्यात जागाच नसते. लांबून घेऊ, मग कापू, हा विचार मनात येत नाही. दोन पावलं पुढे जावं लागतं, व्ह्यूफाइंडरचे चारही कोपरे बघावे लागतात आणि नको असलेला खांदा तिथल्या तिथे बाहेर काढावा लागतो. फोटो जागेवरच पुरा होतो. हे सुख दोन्ही कॅमेरे देतात. फरक पुढे पडतो.

१डीची खरी ताकद भर उन्हात कळते. त्याचा सेन्सर सीसीडी आहे, शटरचा वेग १/१६००० सेकंदापर्यंत जातो आणि फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा शटरचा सर्वांत जास्त वेग, १/५०० आहे. डी२एचचा सिंक १/२५०. कागदावर हा फरक किरकोळ वाटेल, पण दुपारचं ऊन, टोपीखाली काळवंडलेला चेहरा आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २०० अशी वेळ डोळ्यांपुढे आणा. १/२५० ला लेन्सचं छिद्र साधारण एफ/१४ इतकं लहान ठेवावं लागतं, १/५०० ला एफ/१० इतकं मोठं चालतं. म्हणजे तोच फ्लॅश जवळजवळ दीडपट लांब पोचतो, आणि मागचं आकाशही पांढरं पडत नाही. उन्हातले १डीचे रंग मला आजही फार आवडतात. अंधारात मात्र सावल्यांमध्ये पट्टे उमटतात. आयएसओ ८०० च्या वर मी त्याला नेत नाही.

डी२एच हाताला जास्त चपळ लागतो. बटण दाबल्यापासून शटर उघडेपर्यंत ३७ मिलिसेकंद लागतात, आणि बॅटच्या कडेला चेंडू टेकतो तो क्षण पकडताना हे बोटाला जाणवतं. मागचा पडदा अडीच इंचांचा आहे, १डीचा दोन इंचांचा. दोष एकच, पण ठळक: त्याचा सेन्सर इन्फ्रारेड प्रकाशही टिपतो. काळं कृत्रिम कापड, विशेषतः बल्बच्या उजेडात, जांभळट दिसतं. काळ्या कोटांचा समारंभ असेल तर लेन्सवर आयआर-कट फिल्टर लावा. लाइटमीटर बंद पडण्याची तक्रारही ह्या मॉडेलबद्दल जुनी आहे, म्हणून घेण्यापूर्वी वेगवेगळ्या उजेडात रीडिंग बदलतं का ते बघाच.

लेन्स तुमच्याकडे कोणत्या आहेत, ह्यावर बरंच अवलंबून आहे. १डीला कॅननच्या ईएफ लेन्स चालतात, लहान सेन्सरसाठीच्या ईएफ-एस बसत नाहीत. डी२एचमध्ये फोकसची मोटर आहे, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्सही ऑटोफोकस करतात. एएफ-पी आणि ई प्रकारच्या नव्या लेन्स त्यावर नीट चालणार नाहीत. लहान सेन्सरमुळे लेन्सची चौकट अरुंद होते, तो क्रॉप १डीचा १.३ पट, डी२एचचा १.५ पट. वाइड लेन्सवर जीव असेल तर १डी बरा.

शेवटी बॅटरी, आणि माझ्या लेखी निर्णय इथेच होतो. १डीची एनपी-ई३ ही निकेल-मेटल हायड्राइड. नुसती पडून राहिली तरी उतरते, आणि इतक्या वर्षांनंतर बहुतेक मूळ बॅटऱ्या थकलेल्या असतात. डी२एचची लिथियम-आयन ईएन-ईएल४ पुढे डी३ लाही चालत होती, त्यामुळे चांगली बॅटरी मिळण्याची आशा जास्त. रोज गळ्यात अडकवून हिंडायचं असेल, तर डी२एच घ्या. ठरवून, उन्हात, फ्लॅश घेऊन माणसांचे फोटो काढायचे असतील, तर १डीच घ्या, पण सेल बदलून घेतलेली बॅटरी आधी मिळवा. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड दोन्हींसाठी २ जीबीपर्यंतचंच शोधा. मोठं कार्ड इतक्या जुन्या बॉडीला वाचता येईलच असं नाही.