१९७० ची शेव्ही सी-१०, आतून नवी : काम करून घेतल्यानंतरचं माझं मत

जुन्या अमेरिकन पिकअपचं काम कुणाला द्यायचं असेल तर त्याला आधी इंजिनाबद्दल विचारू नका. "या गाडीतलं काय बदलणार नाही?" हे विचारा. माझ्या १९७० च्या शेव्हरोले सी-१० चं काम ज्या वर्कशॉपने केलं, त्याचा मालक या प्रश्नावर बराच वेळ बोलत राहिला. स्टीलचा डॅशबोर्ड, दाराच्या पुढच्या कोपऱ्यातली तिकोनी काच, हीटरच्या सरकत्या दांड्या, मूळ स्टेअरिंग, कॅबच्या (पुढच्या बसायच्या केबिनच्या) अंगावरचं पेट्रोलचं झाकण. याला हात लावायचा नाही म्हणाला. बाकी सगळं खोलू. मला तेवढं पुरलं.

वर्कशॉप कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत, मोडेस्टोच्या बाजूला आहे. मी फ्रीमॉन्टला राहते. खाली तक्रारीही लिहिल्या आहेत, म्हणून नाव देत नाही. पण काम कसं चालतं, कशावर नजर ठेवायची आणि पैसा कुठे जातो, हे आपल्यापैकी कुणी अशा गाडीच्या मागे असेल तर उपयोगी पडेल.

१९६७ ते १९७२ या काळातल्या शेव्ही पिकअपना इतकी मागणी का, ते थोडक्यात सांगते. सुट्या भागांचा तुटवडा नाही. फेंडरपासून दाराच्या रबरापर्यंत सगळं नवं बनवून मिळतं. कॅन्ससमधल्या एलएमसी ट्रक या सुटे भाग विकणाऱ्या कंपनीचा कॅटलॉग उघडला की दिवस जातो. शिवाय यातल्या बहुतेक अर्ध्या टनी शेव्हीला मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आणि दोन लांब ट्रेलिंग आर्म, म्हणजे मागचा एक्सल फ्रेमला जोडणाऱ्या दांड्या, आहेत. पुढे नॅसकार या अमेरिकन मोटार शर्यतीतल्या गाड्यांनी हीच रचना उचलली, तिथे आजही त्यांना 'ट्रक आर्म' म्हणतात. म्हणजे चेसिस मुळातच चांगला. आणि कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चाचणी (धुराची तपासणी) नाही, त्यामुळे इंजिन बदलताना ती कटकट नाही.

पण मूळ गाडी रोज चालवायला भीती वाटावी अशी होती, हेही खरं. चारही चाकांना ड्रम ब्रेक. कमरेला नुसता आडवा पट्टा. आणि पेट्रोलची टाकी कॅबच्या आत, सीटच्या पाठीमागे! १९७३ च्या मॉडेलपासून शेव्हरोलेने ती कॅबबाहेर नेली. माझ्या गाडीत उन्हात काच बंद केली की पेट्रोलचा वास यायचा. मुलांना मी त्यात कधीच बसवलं नाही.

म्हणून पहिलं काम ब्रेकचं, यावर मालकाचं आणि माझं एकमत होतं. ड्रम तापला की फुगतो, आतले ब्रेक शू त्याच्यापर्यंत पोचायला जास्त हलावे लागतात, आणि लांब उतारावर पाय खाली खाली जात राहतो. ऑल्टमाँट पासच्या उतारावर मी हे अनुभवलं आहे. शेव्हरोलेने १९७१ पासून पुढच्या चाकांना डिस्क सरसकट दिल्या, त्यामुळे १९७१-७२ चे भाग आणून बसवणं हा सरळ मार्ग वाटतो. मालकाने त्यातली खोच दाखवली: त्या वर्षापासून चाकाला पाच बोल्ट आले, माझ्या गाडीला सहा. पुढे पाच आणि मागे सहा झाले की एक स्टेपनी दोन्हीकडे चालणार नाही, शिवाय मूळ चाकं गेलीच. त्याने सहा बोल्टचं डिस्क किट घेतलं. मग नुसती रिम, टायरशिवाय, हबवर चढवून हाताने फिरवून दाखवली. कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागाच्या, कोपऱ्याला रिम घासत होती, खर्र असा आवाज. "हे आज कळलं ते बरं," म्हणाला, आणि त्याच घाटाची, पण कॅलिपरला जागा देणारी स्टीलची रिम शोधून आणली. जुन्या चाकांच्या टोप्या तिच्यावर बसल्या. रस्त्यावर बघणाऱ्याला काही बदललं आहे असं वाटत नाही.

मागे मात्र ड्रमच ठेवले. मी चारही डिस्क मागितल्या होत्या. रिकाम्या पिकअपचं मागचं अंग हलकं असतं, जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी अडकतात आणि गाडी आडवी जायला बघते. तिथे ब्रेक आणखी तिखट करण्यात काही फायदा नाही, प्रेशर वाटून देणारा व्हॉल्व्ह नीट लावणं महत्त्वाचं, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या कुणी चार डिस्कचं बिल खुशाल लावलं असतं. याने दीड हजार डॉलरचं काम स्वतःहून नाकारलं, याचे मी त्याला पूर्ण गुण देते.

गंजाचं काम हे या वर्कशॉपचं खरं बळ. गाडी मिसूरीहून आलेली, म्हणजे हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठात वाढलेली. वरून चकचकीत होती. तिथल्या वयस्कर वेल्डरने लोहचुंबक फडक्यात गुंडाळला आणि कॅबच्या खालच्या अंगावर फिरवत नेला. दारापुढे चिकटला, दाराखाली चिकटला, मागच्या कोपऱ्यात आला आणि सरळ निसटून खाली पडला. तिथे पत्राच नव्हता, लांबी (पुटी) भरलेली होती, बोटभर जाड. खरवडली तर आत वर्तमानपत्राचा बोळा निघाला.

या गाड्या ठरलेल्या जागी सडतात: दाराखालचे रॉकर पॅनल, कॅबचे मागचे कोपरे, पायाखालची फरशी, कॅब फ्रेमवर टेकते त्या जागा, आणि छताची पन्हळ. माझ्या गाडीत छताची पन्हळ सोडून सगळं गेलेलं होतं. रॉकर कापायच्या आधी त्याने दाराच्या चौकटीत आडवे-उभे पाइप वेल्ड करून कॅब बांधून घेतली. हे न करता खालचा आधार कापला की कॅब किंचित बसते, आणि मग दार आयुष्यभर लागत नाही. माझी दारं आता एका बोटाने ढकलली तरी 'खट्' करून बसतात. दर टप्प्याचे फोटो मला येत होते, रंगाखाली झाकलं जाणारं प्रत्येक वेल्डिंग मी बघितलं आहे. तुमचं वर्कशॉप फोटो देत नसेल तर मागा, आणि तरी देत नसेल तर तिथून निघा.

आता इंजिन. मूळचं ३०७ घनइंची व्ही-८, कागदावर २०० हॉर्सपॉवर. पण तेव्हाचे आकडे 'ग्रॉस' असायचे, म्हणजे इंजिन टेबलावर, सायलेन्सर-पंखा वगैरे ओझं नसताना मोजलेले. १९७२ पासून नेट आकडे छापायला लागले. गाडीत बसवलेलं ते इंजिन प्रत्यक्षात बरंच कमी द्यायचं. त्या जागी भंगारात गेलेल्या सिल्व्हराडोचं, म्हणजे शेव्हरोलेच्याच अलीकडच्या पिकअपचं, ५.३ लिटर इंजिन आलं, सोबत ४एल६०ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक. ब्लॉक बिडाचा, साधा, टिकाऊ, जवळपास २८५ हॉर्सपॉवर नेट. महागडं अॅल्युमिनियमचं घेण्याचा मोह मला होता, पण ही गाडी शर्यतीला जाणार नाही.

या अदलाबदलीत लोक कुठे घाई करतात ते तिथे उभं राहून बघायला मिळालं. सिल्व्हराडोच्या इंजिनावर एसीचा कंप्रेसर खाली, उजव्या बाजूला असतो. सी-१० मध्ये तो थेट फ्रेमवर येतो. बरेच जण फ्रेमला खाच पाडतात आणि पुढे जातात. याने ब्रॅकेट बदलून कंप्रेसर वर घेतला, बेल्टचा मार्ग नव्याने बसवला, फ्रेमला कटर लागू दिला नाही. त्यात दोन दिवसांची मजुरी गेली आणि ती मी आनंदाने दिली. पन्नास वर्षांची फ्रेम कापायची नसते.

टाकीही या निमित्ताने गेली. कार्ब्युरेटरला पाच-सात पीएसआय दाबाचं पेट्रोल चालतं, या इंजेक्शनवाल्या इंजिनाला ५८ च्या आसपास लागतं, म्हणजे टाकीतच इलेक्ट्रिक पंप हवा. नवी टाकी मागे, बेडच्या (सामान ठेवायच्या हौद्याच्या) खाली, फ्रेमच्या दोन पट्ट्यांच्या मधे बसली. कॅबवरचं जुनं झाकण जागच्या जागी आहे, नुसतं शोभेला. सीटच्या मागे जी जागा मोकळी झाली तिथे ध्वनिरोधक थर घातला, आणि खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्यांसाठी खांबात जाड पत्रा वेल्ड करून घेतला. माझ्या दृष्टीने सगळ्या बिलात सर्वात मोलाची ओळ ती.

हायवेवर फरक कानाला कळतो. मागच्या एक्सलमधलं डिफरन्शियल ३.७३ गुणोत्तराचंच ठेवलं आहे, पण चौथा गिअर ०.७० चा. ६५ मैलांच्या वेगाला पूर्वी इंजिन २९०० फेऱ्यांवर ओरडायचं, आता २००० च्या आसपास असतं. बाजूच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येतं. गॅलनला पूर्वी अकरा-बारा मैल मिळायचे, आता सतरा मिळतात.

तक्रार नंबर एक वायरिंगची, आणि ही मला झोंबली, कारण मी इलेक्ट्रॉनिक्सवाली आहे. जुनं हार्नेस (वायरींचं जाळं) काढून पूर्ण नवं घातलं, काचेचे फ्यूज जाऊन पात्याचे आले, मांडणी देखणी. पण गाडी घरी आणल्यावर हेडलाइट लावले की पेट्रोलचा काटा उडायचा आणि थंडीत इंजिन मधेच गचके द्यायचं. वर्कशॉपने आधी सेन्सर बदलला, मग पंपाचा रिले, मग कॉम्प्युटर पुन्हा प्रोग्रॅम करू म्हणाले. मी मल्टिमीटर घेऊन खाली शिरले. फ्रेमला पावडर कोटिंग केलेलं, आणि अर्थिंगच्या वायरींचे लग (धातूची टोकं) त्या कोटिंगवरच आवळलेले! पावडर कोट म्हणजे प्लास्टिकच. वीज जाणार कुठून? जी जात होती ती बोल्टच्या आट्यांतून. इंजिन चालू ठेवून लग आणि फ्रेम यांच्यात मोजलं तर पाऊण व्होल्टपेक्षा जास्त पडत होता. तिथला गोल खरवडून उघडं लोखंड केलं, दातेरी वॉशर घातला, वरून ग्रीस लावलं, इंजिन ते फ्रेम आणि फ्रेम ते कॅब अशा दोन जाड पट्ट्या टाकल्या. त्या दिवसापासून काटा स्थिर आहे. मालकाने फोनवर ऐकून घेतलं, सेन्सर आणि रिलेचे पैसे परत केले, आणि आता तिथे कोटिंगच्या आधीच अर्थिंगच्या जागा टेपने झाकतात. तरीही, इतकं सुबक पत्राकाम करणाऱ्यांकडून हे व्हायला नको होतं.

तक्रार नंबर दोन पैशांची. एस्टिमेट ६८ हजार डॉलर, शेवटचं बिल ८१. गंज आत किती आहे हे कापल्याशिवाय कळत नाही, ते मान्य. पण कापायच्या आधी फोन यायला हवा होता. तो पत्रा कापून झाल्यावर आला, जेव्हा 'नको' म्हणायची सोय उरली नव्हती. सीटचं काम बाहेरच्या कारागिराकडे गेलं आणि तिथे महिनोन्महिने अडकलं, त्याबद्दलही मलाच विचारत बसावं लागलं. ठरावीक रकमेपुढे एक डॉलरही लेखी परवानगीशिवाय नाही, हे पहिल्याच कागदावर लिहून घ्या.

बाकीचं झटपट. एसी व्हिंटेज एअरचा, सॅन अँटोनिओच्या कंपनीचा. तो जुन्या सरकत्या दांड्यांवरच चालतो, डॅशबोर्डवर एक बटण वाढलेलं नाही, आणि व्हॅलीतल्या ४२ अंशांतही कॅब गार होते. मीटर डकोटा डिजिटलचे. चेहरा जुना, आत सगळं इलेक्ट्रॉनिक, मूळच्या चौकटीत बसलेले. रात्री त्यांचा उजेड मला जरा जास्त वाटतो, मी तो कमीत कमी करून ठेवते. मागचा एक्सल बाजूला सरकू नये म्हणून असलेला आडवा पॅनहार्ड बार मूळचा आखूड असतो, खड्ड्यात एक्सल बाजूला ढकलतो. लांब टाकल्यावर मागचं अंग शांत झालं. स्टेअरिंग अजूनही मधे थोडं सैल आहे. स्टेअरिंगचा गिअर बॉक्स पुन्हा बघायला हवा.

विम्याचं आधी बघा. साध्या पॉलिसीत अपघात झाला तर १९७० ची पिकअप म्हणून चिल्लर हातात येईल. क्लासिक गाड्यांच्या विम्यात 'अॅग्रीड व्हॅल्यू' ठरवतात, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर कबूल केलेली रक्कम मिळते. त्यासाठी बिलं आणि ते गंजाचे फोटो कामी आले. मात्र अशी पॉलिसी बहुधा रोज ऑफिसला न्यायची परवानगी देत नाही, अटी वाचून घ्या.

त्यांच्याकडे पुन्हा जाईन का? पत्रा, ब्रेक आणि फिटिंगसाठी डोळे मिटून. वायरिंगसाठी मल्टिमीटर घेऊन. बेडच्या लाकडी फळ्या अजून जुन्याच आहेत, कडेला कुजलेल्या. त्या ओकच्या बसवायचं काम त्यांनाच दिलं आहे, यावेळी आकडा कागदावर आणि खाली दोघांच्या सह्या.