डिस्नेलँडशेजारची एक मोकळी संध्याकाळ: स्प्लिट्सव्हिल की हाउस ऑफ ब्लूज?

कॅलिफोर्नियात डिस्नेलँडला तीन-चार दिवस गेलेल्या कुटुंबाची एखादी तरी संध्याकाळ पार्कबाहेर जाते. पाय भरून आलेले असतात, मुलं कंटाळलेली असतात, नाहीतर त्या दिवसाचं तिकीटच काढलेलं नसतं. मग सगळे वळतात डाउनटाउन डिस्नेकडे. दुकानांचा आणि खाण्यापिण्याचा हा रस्ता दोन्ही पार्कांच्या दारापासूनच सुरू होतो. आत यायला तिकीट लागत नाही, फक्त सुरक्षा तपासणी होते.

घोळ होतो तो जुन्या माहितीमुळे. २०१६ च्या आधी इथे येऊन गेलेला कुणी ना कुणी सांगतोच, "संध्याकाळी हाउस ऑफ ब्लूजला जा, गाणं ऐका." आपल्या मंडळींपैकी पुष्कळजण जुलै २०१५ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनासाठी डिस्नेलँडच्याच शहरात, म्हणजे अ‍ॅनाहाइमला आले होते. तेव्हा हाउस ऑफ ब्लूज हे गाण्याच्या कार्यक्रमांचं सभागृह खरोखरच डाउनटाउन डिस्नेत होतं. आता तिथे स्प्लिट्सव्हिल नावाची दुमजली बोलिंगची जागा आहे. हाउस ऑफ ब्लूज बंद पडलेलं नाही, ते हार्बर बुलेव्हार्डच्या पलीकडे गार्डनवॉक या मॉलमध्ये गेलं. चालत साधारण वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेव्हा जुन्या जागेतच थांबायचं की गाण्यामागे रस्ता ओलांडून जायचं, हे आधी ठरवायला हवं. दोन्हींमधून मिळणारी संध्याकाळ इतकी वेगळी आहे की निघण्याआधी थोडा विचार केलेला बरा.

जुन्या जागेत काय होतं, ते आधी सांगतो, कारण तुलना त्याच्याशीच होते. डाउनटाउन डिस्ने जानेवारी २००१ मध्ये उघडलं, आणि पुढच्याच महिन्यात शेजारचं कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर हे दुसरं पार्क. हाउस ऑफ ब्लूज त्या पहिल्या वर्षापासून तिथे होतं. ही साखळी १९९२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला सुरू झाली. हार्ड रॉक कॅफेचे एक संस्थापक आयझॅक टिग्रेट आणि अभिनेते डॅन अ‍ॅक्रॉइड हे तिच्यामागचे लोक. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, तिथलं जेवण आणि कुठल्याही कलाशाळेत न गेलेल्या लोककलाकारांची चित्रं एकाच छपराखाली आणायची, ही मूळ कल्पना. त्यांच्या स्टेजखाली मिसिसिपीच्या त्रिभुज प्रदेशातल्या मातीची पेटी ठेवण्याची प्रथा आहे. २००६ मध्ये ही साखळी लाइव्ह नेशन या बड्या कार्यक्रम कंपनीने विकत घेतली. प्रथा मात्र चालू राहिल्या.

अ‍ॅनाहाइमची ती जागा लहान होती, सुमारे हजार माणसांची. तिचं मोल तिच्या ठिकाणात होतं. ऑरेंज काउंटी, म्हणजे हा सगळा जिल्हा, पंक (जोरकस, बंडखोर रॉक) आणि स्का (जमैकन मुळाचं नाचरं संगीत) बँडांचा बालेकिल्ला. काळे टी-शर्ट घातलेली, हातभर गोंदवून घेतलेली पोरं आणि डोक्यावर मिकीचे कान लावलेली लहान मुलं एकाच फरसबंदीवरून चालायची. गाण्याला म्हणून न आलेला माणूसही दारावरची पाटी वाचून थांबायचा. रविवारी गॉस्पेल ब्रंच असायचा, म्हणजे चर्चच्या परंपरेतलं सामूहिक गायन आणि त्याबरोबर भरपेट जेवण. त्याला आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे जाऊ शकत. करमणुकीसाठी रेखीव आखलेल्या त्या परिसरात खऱ्या शहराचा एक तुकडा शिरला होता असं मला वाटतं, आणि तो गेल्याची हळहळ मला आजही आहे.

आता स्प्लिट्सव्हिल. ही कंपनी फ्लोरिडातल्या टँपाची, २००३ ची. अ‍ॅनाहाइमची शाखा जानेवारी २०१८ मध्ये उघडली. दोन मजले, वीस लेन, आणि त्या नेहमीच्या बोलिंग अ‍ॅलीसारख्या एका ओळीत नाहीत. थोड्याथोड्या लेनचे गट करून त्यांच्याभोवती टेबलं मांडली आहेत. त्यामुळे खेळणारे खेळतात, बाकीचे बसून खातात, आणि कुणाला कुणापासून लांब जावं लागत नाही. वरच्या मजल्यावर उघड्या हवेत बसायची सोय आहे. सजावट १९५०-६० च्या दशकांतल्या कॅलिफोर्नियाची आठवण देणारी. खायला पिझ्झा, बर्गर, सुशी. बोलिंगच्या जागेतली सुशी ऐकून कुणी नाक मुरडेल, पण तिथलं स्वयंपाकघर चांगलं चालतं. आणि पिझ्झा असल्यामुळे शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. दक्षिणी अमेरिकन जेवणात कोळंबी, सॉसेज आणि मांसाचा वावर मोठा असतो, म्हणून आपल्याकडच्या कुटुंबांना हा फरक बारीकसारीक वाटणार नाही.

बोलिंगचे पैसे माणशी लागतात, बूट त्यातच येतात, आणि गट जितका मोठा तितका वेळ जास्त मिळतो. लहान मुलांसाठी चेंडू घरंगळत सोडायची घसरपट्टी आणि लेनच्या कडेचे कठडे असतात, त्यामुळे पाच वर्षांचं पोरही दोन-चार पिना पाडून खूश होतं. शनिवार-रविवारच्या संध्याकाळी लेन आधी राखून ठेवा. काउंटरवर जाऊन विचारलंत तर थांबायची तयारी हवी.

गाणं तिथेही असतं. काही संध्याकाळी छोटं वाद्यवृंद असतं, एखादा गायक गिटार घेऊन बसलेला असतो. पण ते जेवणाबरोबरचं गाणं. पिना कोसळल्याचा आवाज, मुलांचा आरडाओरडा आणि ताटांची आदळआपट यांच्यातून ते ऐकायचं. कलाकाराचा दोष नाही, जागाच ऐकण्यासाठी बांधलेली नाही. 'हाउस ऑफ ब्लूज गेलं तरी तिथे लाइव्ह म्युझिक आहेच की,' या वाक्यावर विसंबून कुणी संगीताच्या ओढीने तिथे जाऊ नये.

गार्डनवॉकमधलं नवं हाउस ऑफ ब्लूज फेब्रुवारी २०१७ च्या अखेरीस उघडलं. शुभारंभाला सोशल डिस्टॉर्शन हा बँड होता, शेजारच्या फुलर्टनचा, म्हणजे घरचाच. मुख्य सभागृह २२०० माणसांचं, जुन्याच्या दुपटीचं. त्याशिवाय पॅरिश नावाचं सुमारे चारशेजणांचं छोटं दालन, रेस्टॉरंट-बार आणि सभासदांसाठीची फाउंडेशन रूम. आकाराचा फरक नुसता ऐसपैसपणाचा नाही. दौऱ्यावर निघालेल्या बँडचा खर्च, म्हणजे ट्रक, तंत्रज्ञ, प्रकाशयोजना, हॉटेलं, हा हजार तिकिटं विकली काय आणि दोन हजार विकली काय, फारसा बदलत नाही. हजाराच्या सभागृहात मधल्या फळीतल्या बँडचं गणित जुळत नाही, म्हणून तो लॉस एंजेलिसला वाजवून पुढे निघून जातो. २२०० ला जुळतं. शिवाय नवख्या बँडसाठी चारशेचं दालन त्याच इमारतीत आहे. नुसतं संगीत बघितलं तर स्थलांतराने ऑरेंज काउंटीचा फायदाच झाला, हे मान्य करायला हवं.

पण तिथे जायचं तर ठरवूनच जावं लागतं. गार्डनवॉक २००८ चा, आणि रिकाम्या गाळ्यांशी वर्षानुवर्षं झगडलेला मॉल. डाउनटाउन डिस्नेतून येणारा ओघ तिथपर्यंत आपोआप पोचत नाही. बहुतेक कार्यक्रमांना खुर्च्या नसतात. उभं राहून ऐकायचं, पुढे जागा हवी तर लवकर यायचं. पुढे उंच माणसांची भिंत उभी राहिली की आठ-दहा वर्षांच्या मुलाला स्टेज दिसत नाही. आवाज मोठा असतो, मुलांना नेणार असाल तर कानांना लावायची साधनं सोबत हवीतच. भारतातून आलेल्या आई-बाबांना रॉक कार्यक्रमाला तीन तास उभं करणं मला पटत नाही, त्यांची हौस असली तरी. गॉस्पेल ब्रंच असेल तो दिवस वेगळा. तेव्हा टेबलं लागतात, जेवण असतं, आणि त्या गाण्यातली आर्तता समजायला इंग्रजी फार यावं लागत नाही. अभंगांवर वाढलेल्या माणसाला ती पहिल्या काही मिनिटांत भिडेल. तो रोजचा कार्यक्रम नाही, म्हणून त्यांचं वेळापत्रक आधी बघा.

खर्चाचं सरळ सांगायचं तर चारजणांच्या कुटुंबाला बोलिंग आणि जेवण मिळून जे पडेल, ते नावाजलेल्या बँडच्या चार तिकिटांपेक्षा सहसा कमीच भरेल. तिकिटाच्या छापील दरावर सेवाशुल्क चढतं, ते हिशेबात धरा. दोघांनीच जायचं असेल, तेही एखाद्या कमी प्रसिद्ध बँडला आणि छोट्या दालनात, तर पारडं उलट झुकू शकतं.

इथे एक गोष्ट बोलून दाखवाविशी वाटते. जुनं संगीताचं ठिकाण गेलं की त्या जागेतून संगीतही जावं, असा काही नियम नाही. डिस्नेच्याच फ्लोरिडातल्या परिसरात याची दोन उदाहरणं आहेत. तिथल्या डिस्ने स्प्रिंग्जमध्ये हाउस ऑफ ब्लूज १९९७ पासून आहे, आणि स्प्लिट्सव्हिलही आहे. ते डिसेंबर २०१२ मध्ये आलं, पण बंद पडलेल्या व्हर्जिन मेगास्टोअर या संगीताच्या दुकानाच्या जागी. सभागृहाला धक्का लागला नाही. आज दोन्ही एकमेकांपासून चालत थोड्या अंतरावर आहेत, त्यामुळे तिथे गेलेल्यांना हा प्रश्नच पडत नाही. दुसरं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याच परिसरात पूर्वी प्लेझर आयलंड हा नाइट क्लबांचा भाग होता, १९८९ पासूनचा. त्यातल्या जॅझ क्लबच्या जागी २००५ मध्ये रॅगलन रोड हे आयरिश रेस्टॉरंट आलं. जॅझ गेलं, पण मध्यभागी स्टेज राहिलं, आणि तिथे आयरिश वादक आणि नर्तक आपली कला सादर करतात. लोक तिथे ते बघायलाच जातात. पुढे २००८ मध्ये प्लेझर आयलंडचे उरलेले क्लब बंद झाले, रॅगलन रोड टिकलं. अ‍ॅनाहाइमला असं काही करता आलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

जागेच्या मालकाची बाजूही आहे. कार्यक्रमाचं सभागृह दिवसभर बंद असतं आणि कार्यक्रम नसेल त्या रात्रीही. बोलिंग दुपारीही चालतं, आणि पाऊस असो, मंगळवार असो, मुलं असतातच. महागड्या जागेत तोच पर्याय निवडला जाणार. त्यात या भागाचं नशीबही फिरत राहिलं. स्प्लिट्सव्हिल उघडलं त्याच वर्षी पश्चिमेकडचं टोक सातशे खोल्यांच्या हॉटेलसाठी रिकामं केलं गेलं. एएमसीचं चित्रपटगृह, ईएसपीएन झोन आणि रेनफॉरेस्ट कॅफे बंद झाले, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये हॉटेलच रद्द झालं.

त्या पडझडीतून एक चांगली गोष्ट निघाली. चित्रपटगृह पाडून मोकळ्या झालेल्या भागात आता हिरवळ आणि खुलं स्टेज आहे, तिथे फुकट गाणं ऐकता येतं. शेजारी जुलै २०२४ पासून डिन ताई फंग हे रेस्टॉरंट आहे, डंपलिंगसाठी (सारण भरून वाफवलेल्या पुड्यांसाठी) प्रसिद्ध, आणि गर्दी अफाट. शिवाय पहिल्या दिवसापासूनचं जॅझ किचन अजून आहे. न्यू ऑर्लिन्सच्या ब्रेनन घराण्यातलं हे रेस्टॉरंट २०२३ मध्ये नव्याने सजवलं. पिठीसाखर भुरभुरलेली बेन्ये, म्हणजे तळलेले गोड पाव, खात जॅझ ऐकत बसणं हा मधला मार्ग आहे, आणि ज्यांना गाणं हवं पण उभं राहणं नको, त्यांनी तोच धरावा. गोडाला नाही म्हणणारा आपल्यात सहसा सापडत नाही, आणि बेन्ये शाकाहारी माणसालाही चालतात, अंडं चालत असेल तर.

माझा कौल असा. तीन पिढ्या बरोबर असतील, किंवा सगळी मुलं दहाच्या आतली असतील, तर स्प्लिट्सव्हिल, मनात किंतु न ठेवता. पार्कच्या दाराजवळच आहे, कुणी पेंगायला लागलं तर हॉटेलवर परतता येतं. बरोबर पंधरा-सोळा वर्षांचं पोर असेल आणि त्या आठवड्यात त्याच्या आवडीचा बँड गार्डनवॉकला येत असेल, तर एका मोठ्या माणसाने त्याच्यासोबत तिकडे जावं आणि बाकीच्यांनी बोलिंग खेळावं. कुटुंबाने सगळं एकत्रच केलं पाहिजे हा हट्ट अशा रात्री सोडावा, आपल्या आवडीच्या बँडला पहिल्यांदा समोर ऐकणं त्या वयात पुन्हा मिळत नाही. दोघंच असाल आणि गाण्याची ओढ असेल, तर आधी हाउस ऑफ ब्लूजचं वेळापत्रक बघा, मगच पार्कचे दिवस ठरवा. काहीच ओळखीचं नसेल तर पॅरिशमधला अनोळखी बँड ऐकून बघा. मुख्य सभागृहातल्या अनोळखी बँडपेक्षा तिथे रमण्याची शक्यता जास्त, कारण वादक हातभर अंतरावर असतो.

तिकीट काढताना वयाची अट प्रत्येक कार्यक्रमाला वेगळी असते, ती वाचा, आणि ओळखपत्र म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. मोठी पिशवी दारावर अडवतात, म्हणून पार्कमधली पाठपिशवी हॉटेलवर टाकून निघा. गार्डनवॉकच्या पत्त्यात 'डिस्ने वे' हे रस्त्याचं नाव येतं, त्यामुळे टॅक्सीत बसताना 'डिस्ने' एवढंच म्हणालात तर पार्कच्या फाटकाशी उतराल. चालकाला 'गार्डनवॉक' सांगा.