एमएसमधलं अपंगत्व कशाने मोजायचं? ईडीएसएस की घड्याळ

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) असलेल्या माणसाच्या फाइलवर ‘ईडीएसएस ४’ असं काहीतरी, म्हणजे अपंगत्व मोजायच्या मोजपट्टीवरचा आकडा, लिहिलेला असतो, आणि घरचे प्रत्येक भेटीत त्याच आकड्याकडे डोळे लावून बसतात. आकडा हलला नाही की हायसं वाटतं. पण तो नेमकं काय मोजतो?

मेंदूविकारतज्ज्ञ कर्ट्झके यांची १९८३ ची ही मोजपट्टी ० ते १० अशी आहे; आकडा जितका मोठा, तितकं अपंगत्व जास्त. खालच्या टप्प्यांत डॉक्टर नजर, संवेदना, तोल, लघवीवरचा ताबा असं सगळं तपासून अंक देतात. ४ च्या पुढे मात्र पायच बोलतात. आधाराशिवाय, न थांबता ५०० मीटर चालता आलं तर ४, २०० मीटर तर ५, एका काठीच्या आधाराने १०० मीटर तर ६. म्हणजे शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली किंवा दुकानातला हिशेब डोक्यात जमेना, तरी आकडा जागचा हलत नाही. औषधांच्या अभ्यासांत आणि डॉक्टरांच्या बोलण्यात हीच भाषा चालते, त्यामुळे ती टाळता येत नाही. पण एकटी पुरत नाही.

दुसरीकडे घड्याळ लावून घ्यायच्या चाचण्या. २५ फूट चालायला लागणारे सेकंद. हातासाठी नऊ खुंट्यांची चाचणी: एका हाताने एकेक खुंटी भोकात बसवायची, मग एकेक काढायची, नंतर दुसरा हात. विचारांच्या वेगासाठी चिन्हं आणि अंकांची जोडी ९० सेकंदांत लावायची. पूर्वी त्यासाठी कानावर पडणारा प्रत्येक अंक आधीच्या अंकात मिळवायला लावत. धडधाकट माणसालाही घाम फुटावा असा प्रकार! हात आणि डोक्यातला बारीक फरक इथे दिसतो. चालण्याच्या वेळेत साधारण २० टक्के वाढ झाली तर ती मनावर घ्यायची. एक अडचण आहे: सरावाने निकाल सुधारतो, उकाड्यात बिघडतो. मे महिन्यातला आकडा डिसेंबरच्या आकड्याशी ताडू नका.

माझं मत विचाराल तर ईडीएसएस डॉक्टरांकडे राहू द्या, आणि वर्षातून एकदा खुंट्यांची व चिन्हांची चाचणी मागून घ्या. टेबलाशी बसून, संगणकावर काम करणाऱ्या माणसाने तर नक्कीच.

दिव्यांग प्रमाणपत्राचं गणित मात्र वेगळं. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएस आहे आणि बऱ्याच सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. ईडीएसएस ४ म्हणजे ४० टक्के, असं धरून अर्ज करू नका. ती टक्केवारी सरकारी निकषांनुसार वेगळी काढतात.