कॉलेज फुटबॉलचं सीझन तिकीट: अख्खा हंगाम वापरल्यानंतर

मार्चमध्ये पैसे भरले आणि थँक्सगिव्हिंगच्या शनिवारी आमच्या विद्यापीठाच्या (अमेरिकन) फुटबॉल संघाचा हंगामातला शेवटचा होम गेम, म्हणजे घरच्या मैदानावरचा सामना, पाहिला. नूतनीकरणाचं पत्र यायच्या आत हे लिहून टाकतोय. आमच्या मराठी मंडळातली दोन-तीन कुटुंबं "घ्यावं का?" म्हणून विचारतायत, आणि प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा सगळं एकदाच नीट सांगितलेलं बरं.

थोडक्यात उत्तर असं. शनिवार मोकळे ठेवता येत असतील, स्टेडियम तासाभराच्या आत असेल आणि दुबळ्या संघाविरुद्धचा सामनाही तुम्ही हौसेने बघणार असाल, तर घ्या. एक-दोन मोठ्याच लढती बघायच्या असतील तर सुटी तिकिटं घ्या, सीझन तिकिटाच्या फंदात पडू नका. सविस्तर उत्तर खाली आहे. त्यातला बराच भाग देणगीबद्दल आणि विद्यार्थ्यांबद्दल आहे, कारण या तिकिटाचं मोल शेवटी तिथेच ठरतं असं माझं मत झालंय.

मी अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत राहतो. तिकीट बिग टेन या कॉन्फरन्समधल्या (म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटातल्या) एका मोठ्या सरकारी विद्यापीठाचं, दोन जागांचं, गोलपोस्टमागच्या कोपऱ्यात, बऱ्याच वरच्या रांगेत. जागा म्हणजे ॲल्युमिनियमचं लांबलचक बाकडं आणि त्यावर रंगवलेला आकडा. सप्टेंबरमध्ये ठीक वाटतं. नोव्हेंबरमध्ये सगळे जाडजूड जाकिटं घालून आले की कुणीतरी अर्धा सामना उभ्यानेच बघतो. बसायला गादी न्या, आणि थंडीत पायाखाली पुठ्ठा ठेवा. सिमेंटचा गारवा बुटातून चढतो.

ज्यांना या खेळाची रचना माहीत नाही त्यांच्यासाठी: संघ हंगामात १२ सामने खेळतो, त्यातले साधारण ७ घरच्या मैदानावर. सुरुवातीचे दोन-तीन पाहुणे कॉन्फरन्सबाहेरचे आणि बहुधा कमकुवत असतात. मोठं विद्यापीठ त्यांना खेळायला येण्याचे पैसे देतं, आणि ती रक्कम बऱ्याचदा दहा लाख डॉलरच्या वर जाते. तुमच्या सीझन तिकिटात हे सामनेही येतात. सुट्या बाजारात त्यांना फारसा भाव नसतो. मोठ्या प्रतिस्पर्ध्याच्या एका सामन्याची सुटी किंमत बघून "सातही सामने एवढ्यात!" असं वाटतं, तो हिशेब इथे ढासळतो.

आता देणगी. तिकिटावर छापलेला आकडा हा खर्चाचा एकच भाग. बहुतेक मोठ्या विद्यापीठांत चांगल्या जागेचं तिकीट घेण्याचा हक्क मिळवायला दरवर्षी ॲथलेटिक विभागाला देणगी द्यावी लागते, तीही दर जागेमागे. मैदानाच्या मध्यावर, म्हणजे पन्नास यार्डांच्या रेषेजवळ, ती तिकिटापेक्षाही जास्त होऊ शकते. कोपऱ्यांकडे आणि वरच्या रांगांकडे ती उतरत जाते. किती वर्षं देताय, एकूण किती दिलंत, याचे गुण साठतात आणि जागा सुधारून घ्यायची वेळ आली की त्या क्रमाने नंबर लागतो. नव्या माणसाला कोपराच मिळतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही; रांग आहे, ती सगळ्यांना दिसते.

माझ्या पुढच्या रांगेतले आजोबा काही दशकं तिकीट राखून आहेत. त्यांच्याकडून कळलेली गोष्ट पुढे मी कायद्यात तपासली. पूर्वी या देणगीच्या ८० टक्के रकमेवर करसवलत मिळायची. २०१७च्या करकायद्याने ती २०१८पासून काढून घेतली. देणगी तेवढीच राहिली, पण देणाऱ्याच्या खिशाला ती एका रात्रीत महाग झाली. आजोबांच्या बाजूला वर्षानुवर्षं बसणारं चौघांचं कुटुंब त्यानंतर सोडून गेलं. "संघ हरतो म्हणून माणसं येत नाहीत," असं म्हणताना हे कुणी मोजत नाही.

आणि आता नवा खर्च येऊ घातलाय. जून २०२५मध्ये हाउस खटल्याची, म्हणजे खेळाडूंनी एनसीएए या कॉलेज क्रीडासंघटनेवर भरलेल्या दाव्याची, तडजोड न्यायालयाने मंजूर केली. त्यामुळे विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. २०२५-२६साठी कमाल मर्यादा एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. टेनेसी विद्यापीठाने तर सप्टेंबर २०२४मध्येच जाहीर केलं होतं की २०२५च्या सीझन तिकिटावर १० टक्के 'टॅलेंट फी' लागेल. खेळाडूंना पैसे मिळायलाच हवेत. ज्यांच्या जिवावर हा सगळा डोलारा उभा आहे त्यांना इतकी वर्षं फक्त शिष्यवृत्तीवर भागवायला लावलं. टेनेसीने शुल्काला नाव देऊन ते उघड सांगितलं हेही मला पटतं. पटत नाही ते एवढंच, की दुसऱ्या बाजूने टीव्हीचा पैसा धो धो येत असताना पहिला हात प्रेक्षकाच्या खिशात जातो. बिग टेनचा फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांशी २०२३पासूनचा सात वर्षांचा करार ७०० कोटी डॉलरच्या पुढचा आहे.

त्याच टीव्हीने माझे शनिवारही ठरवले. तिकीट घेताना सामन्याची तारीख कळते, बहुतेक सामन्यांची वेळ कळत नाही. दुपारी बारा, साडेतीन की रात्री साडेसात, हे वाहिन्या साधारण बारा दिवस आधी ठरवतात, कधी सहाच दिवस आधी. दोनशे मैलांवरून येणाऱ्या माणसाने हॉटेल कसं घ्यायचं? सामन्याच्या शनिवारी अशा गावात एरवीच्या दुप्पट-तिप्पट भाव असतो, आणि रात्रीचा सामना निघाला तर मुक्काम टळत नाही. आमच्या मंडळाचा गणपती शनिवारी असतो, कारण हॉल सुट्टीच्या दिवशीच परवडतो आणि माणसं तेव्हाच येतात. आरती संध्याकाळची, म्हणून मी बाराच्या सामन्याची आशा धरून होतो. वेळ निघाली साडेतीनची. तिकिटं पुण्याहून आलेल्या दोन विद्यार्थ्यांना दिली आणि मी मोदकांच्या पंगतीत उभा राहिलो. मंडळाच्या कार्यकारिणीत असाल तर हंगामाचं वेळापत्रक बघूनच हॉल ठरवा. गाड्या लावायला जागा मिळणं, रस्ते तुंबणं, सगळं त्यावर अवलंबून असतं.

मैदानावरही टीव्हीचं घड्याळ चालतं. खेळ साठ मिनिटांचा, सामना साडेतीन तासांचा. जाहिरातींच्या वेळी लाल टोपीवाला एक माणूस मैदानात येऊन उभा राहतो आणि तो बाहेर जाईपर्यंत बावीस खेळाडू नुसते ताटकळतात. घरी सोफ्यावर तेवढ्यात चहा होतो. स्टँडमध्ये वाऱ्यात बसलेल्याला मात्र प्रत्येक मिनिट मोजावं लागतं. पैसे देऊन आलेल्या माणसाचा सर्वात मोठा छळ मला तिकिटाच्या किमतीपेक्षाही हा वाटला.

म्हणूनच रिकाम्या बाकड्यांचं मला आश्चर्य वाटत नाही. वरच्या पातळीवरच्या सामन्यांची सरासरी उपस्थिती २०१८मध्ये ४२ हजारांच्या खाली आली, १९९६नंतरची नीचांकी. हा झाला जाहीर आकडा. त्याच वर्षी वॉल स्ट्रीट जर्नलने दारावर प्रत्यक्ष स्कॅन झालेली तिकिटं मागवून पाहिली, तर ती जाहीर उपस्थितीच्या सरासरी ७१ टक्केच निघाली. विकलेली आणि फुकट वाटलेली तिकिटं 'हजर' धरली जातात. नेब्रास्काचं मैदान १९६२पासून (२०२०चा कोविडचा हंगाम सोडून) दर सामन्याला 'सोल्ड आउट' आहे. पण अलीकडे ही साखळी तुटू नये म्हणून उरलेली तिकिटं देणगीदारांनी विकत घ्यायची वेळ आली. २०२१मध्ये त्यातून गरीब मुलांना सामना दाखवायची योजना निघाली, ती मला मनापासून आवडली. रिकाम्या जागेवर जाहीर आकडा बसवण्यापेक्षा तिथे एक मूल बसलेलं कितीतरी चांगलं.

आता विद्यार्थी. स्टेडियममधला आवाज पन्नास यार्डांच्या रेषेजवळून येत नाही. तिथले लोक हजारो डॉलर देऊन शांत बसतात. आवाज येतो तो विद्यार्थ्यांच्या भागातून आणि शेजारच्या मार्चिंग बँडमधून. तिसऱ्या डाउनला, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला, प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला) स्वतःचा आवाज ऐकू येऊ नये, हे काम ती पोरंच करतात. आमच्या महागड्या तिकिटांना जी किंमत आहे ती त्यांच्यामुळे. ज्या विद्यापीठाला हे कळत नाही, ते सगळंच स्टेडियम गमावतं.

मिशिगनचं उदाहरण सगळ्यांना माहीत असावं. ॲन आर्बरचं मैदान १,०७,६०१ क्षमतेचं, आणि १९७५पासून (२०२०चा कोविडचा हंगाम सोडून) तिथे प्रत्येक सामन्याला लाखाच्या वर गर्दी लिहिली गेलीय. २०१३मध्ये विद्यार्थ्यांचं सीझन तिकीट २९५ डॉलरवर गेलं, शिवाय त्यांच्या ठरलेल्या जागा काढून 'जो आधी येईल तो पुढे बसेल' केलं. पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांची विक्री हजारोंनी घसरली. सप्टेंबर २०१४मध्ये मिनेसोटाविरुद्धच्या सामन्यासाठी कोकच्या दोन बाटल्यांवर दोन तिकिटं अशी जाहिरात झळकली आणि ओरड होताच मागे घेतली गेली. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, ऑक्टोबरअखेर ॲथलेटिक डायरेक्टर डेव्ह ब्रँडन यांनी राजीनामा दिला, आणि २०१५साठी विद्यार्थ्यांचं तिकीट १७५ डॉलरवर आलं. मैदान तेच, खेळ तोच. जो गट सर्वात कमी देतो आणि सर्वात जास्त ओरडतो, त्यालाच पिळायला निघाले होते.

अलाबामाने दुसरी वाट धरली. २०१९मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांच्या फोनवर ॲप दिलं: आलात तर १०० गुण, चौथ्या क्वार्टरपर्यंत थांबलात तर आणखी २५०, आणि गुणांवर मोठ्या सामन्यांच्या तिकिटात प्राधान्य. सामना ४० गुणांनी एकतर्फी झाल्यावर उन्हात बसलेल्या मुलाला लोकेशन तपासून थांबवून ठेवणं मला पटत नाही. त्यापेक्षा दुबळे पाहुणे कमी बोलवावेत.

किंमत ठरवण्याचा मला पटलेला प्रयोग नॉर्थवेस्टर्नचा. जेफ एली आणि संदीप बालिगा या तिथल्याच अर्थतज्ज्ञांनी २०१३मध्ये 'पर्पल प्रायसिंग' आखलं. किंमत वरून सुरू होते आणि खाली येत जाते. शेवटी जी ठरेल तीच सगळ्यांना, आधी जास्त भरलेल्यांना फरक परत. लवकर घेणाऱ्याला फसल्यासारखं वाटत नाही आणि दलालाला मध्ये खायला फार उरत नाही.

आपल्याकडचा दुखणारा मुद्दा वेगळा होता. २०११च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला सुमारे ३३ हजारांच्या वानखेडेवर सर्वसामान्यांच्या वाट्याला जेमतेम चार हजार तिकिटं आली. बाकीची क्लब, संस्था आणि पाहुण्यांत गेली. पैसे हातात असूनही माणूस बाहेर. इथे पैसे मोजले की जागा मिळते, हे मी मान्य करतो. पण बसचालकाच्या कुटुंबाने चार जणांचा शनिवार कसा काढायचा, याचं उत्तर दोन्हीकडे नाही.

पुनर्विक्रीबद्दल: न जमलेल्या सामन्यांची तिकिटं मी एका संकेतस्थळावर विकली. दुबळ्या पाहुण्याच्या सामन्याला छापील किमतीच्या निम्मेही आले नाहीत, वर विक्रेत्याकडून शुल्क कापलं. खरेदीदारांसाठी मात्र एक गोष्ट सुधारली आहे. मे २०२५पासून केंद्रीय नियमाने सगळी शुल्कं धरून पूर्ण किंमत आधीच दाखवावी लागते.

खाणं महाग आणि बेचव. टेलगेटला, म्हणजे सामन्याआधी गाड्यांपाशी जमणाऱ्या पंगतीला, घरून डबा न्या. पारदर्शक पिशवीचा नियम कडक असतो, साधी पर्स दारावर अडते. तिकीट फोनवरच असतं आणि गर्दीत नेटवर्क मरतं, म्हणून आदल्या रात्री वॉलेटमध्ये उतरवून ठेवा.

किंमत कमी केली की गर्दी येते असंही सरसकट नाही. इंडियाना २०२३मध्ये ३ सामने जिंकलं, ९ हरलं. नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आले, २०२४ला ११ विजय आणि प्लेऑफमध्ये (राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत) प्रवेश, आणि ब्लूमिंग्टनचं स्टेडियम भरून वाहू लागलं. जिंकणं सगळं झाकतं. पण प्रत्येक संघ दरवर्षी जिंकत नाही, आणि पडत्या वर्षात कोण येतं यावर खरा पाया कळतो. आमच्या संघाचं हे वर्ष बेताचंच गेलं. आजोबा एकदाही गैरहजर नव्हते, विद्यार्थी पावसातही होते. रिकामी दिसली ती मधली, सर्वात महागडी बाकडी.

मी नूतनीकरण करणार आहे. मात्र देणगी वाढवून मध्याकडे सरकण्याचा पर्याय आला तर घेणार नाही. अर्जात विद्यार्थ्यांच्या भागाला लागून असलेला कोपरा मागणार आहे. तिथे देणगी सर्वात कमी, बँड समोर, आणि पूर्ण सामनाभर उभं राहायची तयारी मात्र हवी.